हब बदलला की पातं फाटतं: पॅरामेट्रिक पंख्याच्या मॉडेलमधला नेहमीचा घोळ

पॅरामेट्रिक मॉडेल, म्हणजे टेबलातले आकडे बदलले की आकार आपोआप बदलणारं संगणकातलं मॉडेल, एका मापावर झकास चालत असतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, हब (पाती बसतात तो मधला गोल भाग) जरा लहान करा आणि पातं एक वाढवा. म्हटलं तर टेबलातले दोन आकडे बदलायचे आणि रिकॅल्क्युलेट दाबायचं. पण दाबल्यावर पातं पिळलेल्या टॉवेलसारखं दिसतं, नाहीतर फिलेट (पात्याच्या मुळाशी दिलेली गोलाई) लाल होतं, म्हणजे एरर देतं, नाहीतर सगळं हिरवं असूनही साच्याला दिलेली फाइल ‘सॉलिड नाही’ म्हणून परत येते. मग माणूस लॉफ्टच्या (छेद जोडून पात्याचा आकार बनवणाऱ्या आज्ञेच्या) सेटिंगशी झटापट करत बसतो. रूल्ड करून बघतो, स्मूथ करून बघतो, टॉलरन्स वाढवतो. त्यात एखादं सेटिंग लागू पडलं तर प्रश्न सुटला असं वाटतं आणि पुढच्या ऑर्डरला तोच घोळ पुन्हा उभा राहतो.

माझा अनुभव असा की लॉफ्ट हा रांगेतला शेवटचा माणूस. बोंब तो मारतो, पण चूक बहुतेक वेळा त्याच्या दोन-तीन टप्पे आधी झालेली असते. म्हणून लॉफ्टला हात न लावता मागे मागे जात कसं शोधायचं ते लिहितो. उदाहरण माझंच घेतो, कारण यातला जवळजवळ प्रत्येक खड्डा मी स्वतः पडून बघितला आहे.

सूतगिरणीच्या ह्युमिडिफिकेशन प्लांटसाठी अक्षीय पंखा होता. व्यास ६३० मिमी, मोटर १४४० आरपीएम, हवा सेकंदाला ३ घनमीटर, दाबवाढ १३० पास्कल. इंपेलर अॅल्युमिनियमचा, एकसंध, वाळूच्या साच्यात ओतायचा. आधीच्या ऑर्डरला हब ३१५ मिमी आणि पाती ८ होती. मुळाशी कॉर्ड, म्हणजे छेदाची पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंतची रुंदी, १२० मिमी. ते मॉडेल फ्रीकॅड या मोफत डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि वर्षभर विनातक्रार चाललं होतं. नव्या ऑर्डरला हब २५२ आणि पाती ९ मागितली.

आधी लॉफ्ट लपवा, नुसते छेद बघा

पहिलं काम हेच. लॉफ्ट, फिलेट, पॅटर्न (एका पात्याच्या गोलाकार प्रती), सगळं बंद करायचं आणि पडद्यावर फक्त छेदांच्या तारा ठेवायच्या. वरून, समोरून, बाजूने अशा तिन्हीकडून बघायच्या. पातं पिळलेलं असेल तर कारण इथेच दिसतं. प्रत्येक छेदाच्या पहिल्या बिंदूवर एक छोटा गोळा ठेवला की अजून सोपं. सगळे गोळे मुळापासून टोकापर्यंत एका वाहत्या रेषेत आले पाहिजेत. एखादा गोळा लीडिंग एजवर (पुढच्या धारेवर) आणि बाकीचे ट्रेलिंग एजवर (मागच्या धारेवर) असतील, तर लॉफ्ट बिचारा सांगितलेलंच काम करतो आहे. तो पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा जोडतो.

हे होतं कुठून? बहुतेक वेळा छेद वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले असतात. मुळाचा छेद स्वतः काढलेला, टोकाचा कुठूनतरी उतरवलेल्या बिंदूंच्या फाइलमधला. एकात बिंदू ट्रेलिंग एजपासून वरच्या बाजूने पुढे येतात, दुसऱ्यात लीडिंग एजपासून मागे जातात. एकात ६१ बिंदू, दुसऱ्यात ८०. नियम एकच ठेवा: सगळे छेद एकाच सूत्रातून, बिंदू तेवढेच, क्रम तोच. आणि अख्ख्या छेदाची एकच बंद स्प्लाइन (बिंदूंतून जाणारी गुळगुळीत रेषा) करू नका. वरच्या बाजूची एक, खालच्या बाजूची एक आणि मागे ट्रेलिंग एजची छोटी सरळ रेघ, असे प्रत्येक छेदात तीनच तुकडे. मग जोडणीत लॉफ्टला अंदाज करायला जागाच उरत नाही.

बिंदू समान अंतरावर टाकले तर लीडिंग एजचं नाक टोकदार होतं. कॉर्डचे २० समान भाग केले की पहिला बिंदू थेट ५ टक्क्यांवर पडतो आणि तेवढ्यात नाकाची सगळी गोलाई उडालेली असते. कोसाइनने वाटणी केली की तोच पहिला बिंदू ०.६ टक्क्यांवर येतो. बिंदू तितकेच, फक्त गरज आहे तिथे दाट.

मागची धार

एनएसीए या अमेरिकेच्या जुन्या विमानसंशोधन संस्थेचं ४-अंकी प्रोफाइल, म्हणजे छेदाचा आकार, सगळेच वापरतात, मीही. त्याचं जाडीचं सूत्र १९३३ च्या अहवालातलं, विमानाच्या पंखांसाठीचं. त्यात शेवटचा गुणक ०.१०१५ आहे आणि त्यामुळे मागची धार पूर्ण मिटत नाही. तिथे प्रोफाइलच्या कमाल जाडीच्या सुमारे २.१ टक्के फट राहते. ८ टक्के जाडीचं प्रोफाइल आणि ९० मिमी कॉर्ड असेल तर टोकाशी ही धार ०.१५ मिमी येते. काहीजण ०.१०१५ च्या जागी ०.१०३६ घालून धार मिटवून टाकतात. मग ती शून्य जाडीची होते आणि ऑफसेट, फिलेट, मेश यांपैकी काहीतरी एक रुसतं.

मॉडेलच्या दृष्टीने दोन्ही वाईट, आणि ओतकामाच्या दृष्टीने तर हास्यास्पद. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या पॅटर्नवाल्या (वाळूत ठसा उमटवायचा नमुना करणाऱ्या) काकांना मी पहिल्यांदा थ्रीडी प्रिंट केलेला नमुना दाखवला तेव्हा त्यांनी तो बोटांत धरून उजेडाकडे केला आणि धारेवरून अंगठा फिरवला. धारेचा टवका उडून टेबलावर पडला. “सायेब, पंखा करायचाय का दाढीचं ब्लेड? वाळूत हे उतरंल का? धातू तिथं पोचायच्या आधी गोठणार.” त्यांनी सांगितलं, तीन मिमी ठेवा, ओतल्यावर घासून दोनवर आणू.

उपाय असा. ०.१०३६ वाला मिटणारा गुणक घ्यायचा आणि त्यावर सरळ पाचर चढवायची: कॉर्डवर जितके मागे जाल तितक्या प्रमाणात, नाकाशी शून्य आणि शेवटी दोन्ही बाजूंना मिळून हवी ती जाडी. ही जाडी मिलिमीटरमध्ये, स्वतंत्र पॅरामीटर म्हणून ठेवा, कॉर्डच्या टक्क्यात नाही. ओतकामाची मर्यादा कॉर्ड लहान झाली म्हणून लहान होत नाही. पाचरीमुळे मधली जाडीही थोडी वाढते, ती मूळ जाडीतून वजा करायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी करत नाही.

याच सूत्रात एक लपलेला खड्डा आहे. कॅम्बरच्या (छेदाच्या बाकाच्या) सूत्रात कमाल कॅम्बरच्या जागेच्या वर्गाने भागायचं असतं. कुणी चाचणीसाठी ००१२ सारखं सममित प्रोफाइल टाकलं की ती जागा शून्य, म्हणजे शून्याने भागाकार. मग सगळे बिंदू गायब आणि एरर मात्र तीन टप्पे पुढे, लॉफ्टवर. कॅम्बर शून्य असेल तर ती शाखाच टाळायची, एवढी एक अट घाला.

कोन: अंश, रेडियन आणि ‘कशापासून’

पातं अचानक सपाट पडलं, किंवा उभं भिंतीसारखं झालं, तर दुसरं काही बघू नका, कोनच बघा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये आणि एक्सेलमध्ये व्यस्त स्पर्शज्या रेडियनमध्ये येते. फ्रीकॅडच्या एक्स्प्रेशनमध्ये एकक न लिहिलेला कोन अंश समजला जातो. कॅल्कमध्ये काढलेला ३७ अंशांचा कोन ०.६४६ म्हणून निघतो आणि फ्रीकॅडमध्ये तसाच गेला की पातं पाऊण अंशाहूनही कमी कललेलं, म्हणजे ताटलीच.

दुसरा गोंधळ ‘कशापासून’चा. टर्बाइनवाले कोन बहुधा अक्षापासून मोजतात, पंखेवाले फिरण्याच्या प्रतलापासून. टोकाशी एकाचे १४ म्हणजे दुसऱ्याचे ७६. पॅरामीटरचं नाव नुसतं ‘कोन’ ठेवू नका. ‘कोन_प्रतलापासून_अंश’ असं लांबलचक, कंटाळवाणं नाव ठेवा. सहा महिन्यांनी स्वतःचेच आभार मानाल.

पीळ रेघेने जोडला की मधलं पातं चुकतं

इथे मॉडेल तुटत नाही, म्हणून हा दोष जास्त फसवा. २५२ च्या हबवर वरच्या पंख्याचा हिशेब असा येतो. कंकणाकृती वाटेचं क्षेत्रफळ ०.२६ चौरस मीटर, म्हणून अक्षीय वेग सेकंदाला ११.५ मीटर. पात्याचा वेग मुळाशी १९, टोकाशी ४७.५. कार्यक्षमता ०.७५ धरून आणि फ्री व्हॉर्टेक्स (हवेचा फिरता वेग त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात) घेऊन सरासरी सापेक्ष प्रवाहाचा कोन, फिरण्याच्या प्रतलापासून, मुळाशी ३७ अंश आणि टोकाशी १४ अंश.

आता मध्यावर किती? मुळाला एक छेद, टोकाला एक छेद आणि मध्ये सरळ वाटणी केली तर २५.५. हिशेब केला तर २०.२. पाच अंशांहून जास्त फरक! एवढ्या फरकात पात्याचा मधला भाग स्टॉलच्या, म्हणजे हवा पात्यावरून सुटण्याच्या, तोंडाशी जाऊन बसतो. पंखा चालतो, आवाज करतो, मोटर जास्त अॅम्पिअर खाते आणि दोष मोटरवाल्याच्या माथी जातो.

तेव्हा कोन छेदाछेदाला हाताने भरू नका. तो त्रिज्येवरून सूत्रानेच निघाला पाहिजे. कॉर्ड आणि कॅम्बर यांच्यासाठी चार नियंत्रण बिंदूंची एक बेझिए रेषा पुरते. त्या रेषेवर छेद पाच घ्या किंवा सात, आकार तोच राहतो. तीन छेदांत लॉफ्ट मध्येच फुगतो. पंधरा हाताने भरलेल्या छेदांत आकड्यांची जरा इकडेतिकडे झाली की पृष्ठभागावर लाटा येतात, त्या पडद्यावर दिसत नाहीत आणि पॉलिश केल्यावर लख्ख दिसतात.

एक आडवाट. दाबवाढ १३० ची १६० केली तर मुळाचा छेद एकदम गोल व्हायला लागतो आणि माणसाला वाटतं कॅम्बरचं सूत्र बिघडलं. सूत्र ठीक असतं. मुळाशी बाहेर पडताना आणि आत येताना सापेक्ष वेगांचं गुणोत्तर १३० पास्कलला ०.७३ होतं, ते १६० ला ०.६७ होतं. या गुणोत्तराची डी हॅलरने घातलेली रूढ किमान मर्यादा ०.७२. म्हणजे हवा तिथे चिकटून राहील याची खात्री नाही. भूमिती तुम्हाला हवेच्या वतीने नाही म्हणते आहे. तेव्हा हब मोठा करा किंवा दाब कमी मागा. हा आकडा टेबलात ठेवून मर्यादेखाली गेला की लाल होऊ द्या.

सपाट छेद आणि गोल हब

आता मूळ दुखण्याकडे. माझ्या जुन्या मॉडेलमध्ये छेद सपाट प्रतलावर काढलेले होते, जसे सगळेच सुरुवातीला काढतात. हबच्या त्रिज्येइतक्या अंतरावर एक प्रतल, त्यावर प्रोफाइल. हब मात्र गोल आहे. कॉर्डचा मध्य हबला टेकतो, पण दोन्ही टोकं सरळ पुढे जातात आणि हब खाली वळून जातो. रांजणाला पट्टी लावून बघा, तेच.

किती अंतर पडतं? हबची त्रिज्या १२६, कॉर्ड १२०. मुळाशी कललेला कोन प्रवाहाचे ३७ अधिक आक्रमण कोनाचे (हवेच्या दिशेपेक्षा पातं जास्त कलवतात त्याचे) ५ म्हणजे ४२ अंश. आडव्या दिशेने कॉर्डचा पसारा ८९ मिमी, मध्यापासून दोन्हीकडे ४४.६. कॉर्डच्या टोकाची अक्षापासूनची त्रिज्या १३३.७. म्हणजे कॉर्डची दोन्ही टोकं हबपासून ७.७ मिमी हवेत.

हे ठाऊक होतं म्हणून मी मुळाचा छेद हबच्या ८ मिमी आत ढकलून ठेवला होता. तो ‘८’ थेट आकड्यात लिहिलेला, सूत्रात नाही. ३१५ च्या हबवर तो पुरला होता. तेव्हा कोन थोडा कमी होता, कॉर्डची टोकं अक्षापासून १५७.० वर येत होती आणि हब १५७.५ वर होता. म्हणजे वर्षभर माझं मॉडेल अर्ध्या मिलिमीटरवर तगून होतं आणि मला पत्ता नव्हता. २५२ केल्यावर टोकं १२६.१५ वर आली, हब १२६.० वर. पंधरा शतांश मिलिमीटरची फट. कागदाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. पडद्यावर पातं हबला चिकटलेलंच दिसत होतं, युनियनही (पातं आणि हब जोडून एक आकार) झालं, फक्त टोकांशी एक केसासारखी चीर राहिली आणि फिलेट त्या चिरेवर मेलं.

याचा खरा इलाज छेद हबवर गुंडाळणं. प्रोफाइल आधी सपाट प्रतलावर हव्या त्या कोनात फिरवा. मग प्रत्येक बिंदूचं आडवं अंतर त्या छेदाच्या त्रिज्येने भागा, तो रेडियनमधला कोन झाला. त्या कोनाची ज्या आणि कोज्या त्रिज्येने गुणून बिंदूची नवी जागा मिळते. अक्षाच्या दिशेचं अंतर तसंच ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी कोनात फिरवणं, मग गुंडाळणं. उलट केलंत तर पातं हबवर नीट बसत नाही आणि ते का, हे शोधण्यात दुपार जाते.

गुंडाळलेल्या छेदांचा एक त्रास आहे. ते सपाट नसल्यामुळे लॉफ्टला दोन्ही टोकं बंद करून सॉलिड करता येत नाही, नुसतं कवच मिळतं. म्हणून मी सर्वांत आतला आणि सर्वांत बाहेरचा छेद सपाट ठेवतो, एक हबच्या चांगला आत आणि एक टोकाच्या बाहेर, आणि नंतर दंडगोलाने छाटतो. किती आत हे सूत्र सांगतं: हबच्या त्रिज्येच्या वर्गातून अर्ध्या पसाऱ्याचा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ, त्यातून वर ३ मिमी कमी. आपल्या आकड्यांवर ते ११७.८ उणे ३ येतं. ८ नव्हे, ११ मिमी आत जायला हवं होतं. या आतल्या छेदाला कोनाचं सूत्र मात्र लावू नका. त्रिज्या जितकी कमी तितका फ्री व्हॉर्टेक्सचा कोन भडकतो आणि त्याचा झटका हबच्या बाहेरच्या पात्यापर्यंत पोचतो. हबच्या आत कोन, कॉर्ड, कॅम्बर, सगळं हबवरचंच गोठवून ठेवा.

टोकाकडेही तेच. टोकाची त्रिज्या पॅरामीटर म्हणून देऊ नका. केसिंगचा व्यास आणि मधली फट द्या, त्रिज्या त्यातून काढा.

फिलेट तरीही मरतं तेव्हा

चीर मिटवली, फिलेट चालवलं, पुन्हा लाल. इथे मी चांगला दीड तास घालवला. फिलेट ५ केलं तर होतं, १० केलं तर नाही. कारण हबची लांबी. ४२ अंशांवर १२० च्या कॉर्डचा अक्षाच्या दिशेचा पसारा ८० मिमी. दोन्हीकडे १० चं फिलेट, म्हणजे १०० मिमी जागा हवी. हब ९५ मिमी लांबीचा होता. फिलेट हबच्या कडेवरून खाली ओघळत होतं आणि प्रणाली म्हणत होती, मला जमत नाही. जुन्या मापावर हाच पसारा ७२ होता, म्हणून ९५ पुरले होते. हबची लांबी ही इनपुट नाहीच, ती पात्याच्या पसाऱ्यावरून निघणारी गोष्ट आहे.

फ्रीकॅडच्या जुन्या आवृत्तीत काम करत असाल तर आणखी एक भूत असतं. फिलेट ‘एज १७’ ला लावलेलं असतं आणि आकार बदलला की एज १७ भलतीच कडा होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा नावांचा घोळ बराच आटोक्यात आला आहे. पूर्ण गेला असं समजून चालू नका. स्केच कधीही तयार झालेल्या पृष्ठभागावर टांगू नका, डेटम (स्थिर संदर्भ) प्रतलावर टांगा, आणि फिलेट सगळ्यांत शेवटी.

धातू थंड होताना होणाऱ्या आकुंचनाचंही इथेच सांगतो. अॅल्युमिनियमच्या पॅटर्नला साधारण १.३ टक्के वाढीव माप द्यावं लागतं. हे तयार सॉलिडला शेवटी द्या. एकदा घाईत मी ते व्यासाच्या पॅरामीटरमध्येच घातलं. ६३० चे ६३८ झाले, टोकाचा वेग वाढला, सगळे कोन नव्याने निघाले आणि कुठेही एरर नाही.

आठ आणि नऊ

सगळं हिरवं झाल्यावर फाइल घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पडद्यावर इंपेलर समोरून बघितला आणि मान हलवली. “हे उघडायचं कसं?”

हबचा परीघ ७९२ मिमी. आठ पात्यांना प्रत्येकी ९९, पात्याचा पसारा ८९, मध्ये १० मिमी उजेड. नऊ केली की प्रत्येकी ८८. पसारा ८९. समोरून बघितलं तर एक पातं दुसऱ्याच्या मिलिमीटरभर मागे गेलेलं. पाती एकमेकांना शिवत नव्हती, मॉडेलच्या दृष्टीने तक्रार काहीच नव्हती. पण वाळूतून पॅटर्न सरळ उचलायचा तर ते मिलिमीटर वाळू ओढून नेणार. नाहीतर प्रत्येक पात्यामागे कोअर (वाळूचा वेगळा तुकडा) घाला आणि भाव दीडपट करा. हे कुठल्याही सॉफ्टवेअरला लाल करता आलं नसतं, कारण मी विचारलंच नव्हतं. आता टेबलात एक ओळ आहे: परीघ भागिले पाती, उणे पसारा. ८ च्या खाली गेलं की सेल लाल.

आणि मग घरी येताना गाडीवर ध्यानात आलं की मी ‘कॉर्ड’ हा आकडा इनपुट म्हणून ठेवला हेच चुकलं होतं. पात्यांची संख्या वाढवताना कुणी कॉर्ड तीच ठेवत नाही. हवेला कळते ती घनता (सॉलिडिटी), म्हणजे सगळ्या पात्यांच्या कॉर्डची बेरीज भागिले परीघ. आठ पात्यांना ती साधारण १.२ होती. घनता १.२ इनपुट ठेवली तर नऊ पात्यांची कॉर्ड आपोआप १०५.६ येते. त्या कॉर्डवर आडवा पसारा ७८.५, म्हणजे पात्यांमध्ये साडेनऊ मिमी उजेड. अक्षाच्या दिशेने ७०.६ अधिक फिलेटचे २०, म्हणजे ९५ च्या हबमध्ये आरामात. आणि ८ मिमी आत ढकललेल्या जुन्या सपाट छेदाची टोकंसुद्धा १२४.३ वर, हबच्या आत. म्हणजे तो एकच आकडा बरोबर निवडला असता तर चीर, फिलेट आणि कोअर, तिन्ही त्रास त्या दिवशी झालेच नसते, आणि माझ्या मॉडेलमधल्या बाकीच्या चुका आणखी वर्षभर झाकून राहिल्या असत्या.

म्हणून आता नवीन मॉडेल झालं की एका मापावर थांबत नाही. पायथनमध्ये एक छोटी फेरी लिहून ठेवली आहे. हब २०० ते ३१५, पाती ६ ते १०, प्रत्येक जोडीला मॉडेल बनवते आणि दोन गोष्टी नोंदवते: सॉलिड वैध आहे का आणि एका पात्याचं घनफळ किती. घनफळाचा आलेख काढला की तो गुळगुळीत उतरत किंवा चढत गेला पाहिजे. कुठे पायरी दिसली तर तिथे काहीतरी उलटं झालं आहे, मग सॉफ्टवेअर वैध म्हणो वा न म्हणो. रात्री लावून झोपायचं. सकाळी चहा होईपर्यंत कुठली मापं विकायची आणि कुठली नाही ते कळतं. माझ्या यादीत सध्या २०० चा हब आणि १० पाती ही जोडी लाल आहे, आणि ती लालच राहू देणार आहे.